उरलेला जप

॥ श्रीराम समर्थ ॥



मागच्या महिन्यात आमच्याकडून काही लिहिलं गेलं नाही. कुणी विचारलं तर आम्ही "लग्नसराई होती" असं सांगितलं. तशी ती होतीही. पण खरं कारण वेगळं होतं. संकटात उपासना कशी टिकवावी यावर लिहा, असं तीन-चार जणांनी सुचवलं होतं, आणि लिहायला बसलं की समोर काकूंचा चेहरा यायचा. त्यांना विचारल्याशिवाय लिहिणं बरं वाटेना. आता त्यांनीच "लिहा हो, त्यात लपवायचं काय?" असं सांगितलं, म्हणून लिहीत आहोत. नाव घालत नाही. इंदूरच्या मंडळींना कळेलच, बाहेरगावच्या वाचकांना नावाची गरज नाही.

आमच्या नामसाधना मंडळातले एक काका भाद्रपदात आजारी पडले. आधी कावीळ म्हणून औषध झालं, मग तपासण्यांवर तपासण्या, आणि शेवटी स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला. काका म्हणजे उत्सवात चपला सांभाळण्यापासून प्रसादाची कढई उचलण्यापर्यंत सगळीकडे असणारा माणूस. त्यामुळे बातमी कळल्याबरोबर सगळ्यांनी ठरवलं की त्यांच्यासाठी संकल्प करायचा. 21 दिवसांत 13 लाख जप. चाळीस-बेचाळीस जणांनी नावं दिली. हिशोब केला तर प्रत्येकी रोज पंधरा-सोळा माळा येत होत्या. कुणी कमी केल्या, कुणी भर घातली. रोज रात्री नऊच्या आत ग्रुपवर आकडा कळवायचा आणि आमच्यातली एकजण बेरीज करून टाकायची.

खोटं कशाला सांगा, त्या दिवसांत मोठा उत्साह होता. भाजी निवडताना, सिटी बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, जिथे तिथे माळ. ज्यांचा जप एरवी एका माळेवर अडायचा त्यांच्या वीस-वीस माळा होऊ लागल्या. बाराव्या दिवशी काकांनी थोडी पेज घेतली, तर ग्रुपवर जणू दिवाळी झाली. "पाहा नामाचा प्रभाव!"

सतराव्या दिवशी पहाटे काका गेले.

बेरीज 10 लाख 80 हजारांवर थांबली होती. त्या रात्री कुणीच आकडा कळवला नाही. दुसऱ्या दिवशी एका भाबड्या जीवाने ग्रुपवर विचारलं, "उरलेला जप करायचा का?" प्रश्न अगदी साधा होता. पण दोन दिवस त्याला कुणी उत्तर दिलं नाही. सगळ्यांनी वाचला होता, खाली निळ्या खुणा दिसत होत्या. एरवी "सुप्रभात"ला चाळीस फुलं टाकणारा ग्रुप गप्प होता.

समाचाराला गेलो तेव्हा याहून वाईट घडलं. काय बोलावं हे सुचत नसलं की माणूस काहीतरी बोलून जातो, तसं आमच्या तोंडून गेलं की "आपलीच श्रद्धा कुठेतरी कमी पडली असेल." कोण बोललं ते सांगण्यात अर्थ नाही, बाकीच्यांनी मान डोलावलीच होती. काकू भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "सतरा दिवस मी तीनला उठून जप केला. त्यात काय कमी होतं ते सांगा, मी भरून काढते."

आम्ही चहा न घेताच उठलो.

बंधु-भगिनींनो, हे वाक्य आपण किती सहज वापरतो! काम झालं की नामाचा प्रभाव, नाही झालं की माणसाची श्रद्धा कमी. दोन्हीकडून आपलं गणित बरोबरच. मात्र ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याच्या डोक्यावर आपण दुःखाच्या जोडीला अपराधाचं ओझंही ठेवून येतो. त्या दिवशी आम्हाला हे उमगलं. आणि त्याचबरोबर मनात एक भीती शिरली, जी कुणी बोलून दाखवत नव्हतं. एवढं नाम घेऊन काका गेले, मग उद्यापासून माळ हातात घ्यायची ती कशासाठी?

खरंच, काहींचा जप त्या आठवड्यात सुटला. माळ ओढायला घेतली की बेरीज आठवायची आणि पुढचा मणी हलायचा नाही.

दहाव्या दिवशी रात्री पावणेनऊला ग्रुपवर एक ओळ आली. काकूंची होती. "आजचा जप : 4 माळा." पुढे काही नाही, हात जोडलेलं चित्रही नाही. दुसऱ्या दिवशी परत, "आजचा जप : 4 माळा." सुतकात जप कसा, अशी शंका एकीला आली. पण नामाला सोयर-सुतक नाही, हे तर आपण लहानपणापासून ऐकतो. तिसऱ्या दिवशी आणखी दोघांनी आकडे टाकले, मग हळूहळू बाकीच्यांनी. उरलेले दोन लाख वीस हजार पूर्ण व्हायला बरेच दिवस लागले, कारण आता उत्साह नव्हता आणि कुणाला बरं करायचं नव्हतं. मोजदाद संपली त्या दिवशी कुणी पेढे वाटले नाहीत.

तरी मनातला प्रश्न काही सुटला नव्हता. माघात मंडळाची महेश्वरची सहल नेहमीप्रमाणे निघाली, काकूंना आग्रहाने नेलं. इंदूरकरांना महेश्वर नवं नाही. पण घाटावर फिरायचं, साड्या पाहायच्या आणि परतायचं, एवढंच आपलं होतं. या वेळी मुक्काम केल्यामुळे सकाळचं लिंगार्चन पाहायला मिळालं. अहिल्यादेवींच्या वाड्यात ही पूजा रोज होते. काळ्या मातीची इवलीशी शिवलिंगं हाताने वळून लाकडी पाटांवर ओळीने मांडतात, त्यांची विधिवत पूजा होते आणि पूजा झाली की सगळी नर्मदेत विसर्जित करतात. उद्या सकाळी पुन्हा माती, पुन्हा वळणं. देवींच्या काळापासूनचा हा नेम आहे.

काकू एकटक बघत होत्या. म्हणाल्या, "रोज करतात आणि रोज सोडून देतात? मागे काहीच ठेवत नाहीत?"

आम्हाला त्या क्षणी देवींचं आयुष्य डोळ्यांपुढे आलं. आपण त्यांना पुण्यश्लोक म्हणतो, काशी विश्वनाथाचं मंदिर त्यांनी 1780 मध्ये उभारलं ते अभिमानाने सांगतो. पण जरा सालं ओळीने ठेवून पाहा. 1754 मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने गेले. तेव्हा देवी तिशीच्याही आत होत्या. सती जायला निघालेल्या सुनेला मल्हाररावांनी अडवलं, ते मल्हारराव 1766 मध्ये गेले. लगेच 1767 मध्ये एकुलता एक मुलगा मालेराव गेला. पुढे ज्याच्याकडे पाहून जगावं तो मुलीचा मुलगा गेला. आणि 1791 मध्ये जावई गेल्यावर मुलगी मुक्ताबाई सती गेली. आईने पदर पसरून विनवलं, तरी गेली. याच महेश्वरी, याच नर्मदेकाठी.

अशा बाईची श्रद्धा कमी होती, असं म्हणायची आपली छाती आहे का? ज्यांनी देशभर देवळं, घाट, अन्नछत्रं उभी केली, हुकुमांवर स्वतःचं नाव न घालता श्री शंकराचं नाव घातलं, त्यांच्या घरचं एकही मरण त्या पूजेने टळलं नाही. आणि पूजा थांबलीही नाही. मालेराव गेल्यावर थांबली नाही, मुक्ताबाई गेल्यावर थांबली नाही. 1795 मध्ये देवी स्वतः गेल्या, तरी थांबली नाही. याचा अर्थ ती पूजा काही टाळण्यासाठी चाललेली नव्हती. मग ती कशासाठी होती? दिवसभर कज्जे, वसुली, फौजफाटा आणि लोकांची गाऱ्हाणी ऐकायची, त्याआधी बसायला एक जागा होती. आम्हाला तरी असंच वाटतं.

परतीच्या गाडीत श्रीमहाराजांचा विषय निघाला. त्यांचं चरित्र आपण पारायणाला वाचतो, पण त्यातली दुःखाची पानं भराभर उलटतो आणि चमत्काराच्या पानांवर रेंगाळतो. पहिली पत्नी आणि लहानगं मूल यांचा वियोग त्यांनाही चुकला नाही. आटपाडीच्या ज्या मुलीशी त्यांनी दुसरं लग्न केलं, तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. इतरांची दुखणी त्यांच्या कृपेने बरी झाल्याच्या गोष्टी आपण रंगवून सांगतो, आणि त्यांच्या स्वतःच्या घरात आईसाहेब हाताने चाचपत वावरत होत्या! शेवटी शेवटी महाराजांना दम्याने हैराण केलं होतं. बसल्या जागी धाप लागायची, आणि समोर आलेल्या प्रत्येकाला ते नामच सांगत होते. नामाने दमा जातो, असं ते सांगत नव्हते. देहाचे भोग देहाला भोगू द्यावेत, औषध जरूर घ्यावं आणि मनाने भगवंताजवळ असावं, हा त्यांच्या निरूपणाचा सूर आपण रोजच्या प्रवचनवाचनात ऐकतोच. कानावरून जातो, एवढंच.

म्हणजे मागायचंच नाही का? एका ताईंनी गाडीत हाच प्रश्न केला. तसं नव्हे. लेकरू आईजवळ मागणारच. दुखतंय तर दुखतंय म्हणणारच. काकांसाठी संकल्प केला तो चुकला असं आम्ही आजही म्हणत नाही. चुकलं ते एवढंच की आम्ही जपाला हप्ते समजलो. 13 लाख भरले की माल ताब्यात. हप्ते चालू असताना माल गेला, तर पुढचे हप्ते कोण भरणार? ग्रुपवरचा तो प्रश्न आणि ती शांतता यातूनच आली होती.

यावर काकू बोलल्या. मंडळात त्या कधी दोन वाक्यांच्या वर बोलत नाहीत, त्या दिवशी बोलल्या. काकांना शेवटच्या दिवसांत वेदना असह्य व्हायच्या, झोप नसायची. पहाटे तीनला त्या उठायच्या, त्यांच्या छातीवर हात ठेवायच्या आणि एकेका श्वासाबरोबर नाम घ्यायच्या. "दुखणं कमी व्हायचं नाही हो," त्या म्हणाल्या, "पण त्यांचा हात माझ्या हातात थरथरायचा तो थांबायचा. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. गेले त्या दिवशीही तसंच चाललं होतं. मला कळलंच नाही कधी श्वास थांबला, माझं नाम चालूच होतं." मग म्हणाल्या, "नंतर तीनला जाग यायचीच. हात ठेवायला कुणी नव्हतं. मग माळेवर ठेवला."

त्या चार माळा अशा सुरू झाल्या होत्या. त्यात गोडी नव्हती, डोळ्यांत पाणी येऊन रंगून जाणं नव्हतं. कित्येकदा राग होता, असं त्या म्हणाल्या. महाराजांच्या तसबिरीकडे पाठ करून बसत. आम्हाला हे ऐकून बरं वाटलं, खरंच. कारण आपल्यातल्या बऱ्याच जणांचा समज असा की मन लागलं तरच जप, नाहीतर तो फुकट. मन लागत नाही म्हणून माळ खुंटीला अडकवली की ती तिथेच राहते, आणि नेमकं कठीण दिवसांतच मन लागत नाही.

ज्यांच्यावर सध्या प्रसंग आहे त्यांच्यासाठी, आमच्या अनुभवाचं थोडं. संख्या इतकी कमी ठेवा की आजारपणातही चुकणार नाही, एक माळ ठेवलीत तरी पुरे. वेळ आणि जागा मात्र बदलू नका. मनात होत नसेल तर ओठांनी, अगदी पुटपुटत. तेही नको वाटलं तर वहीत लिहा. मंडळातल्या एका ताईंनी नवऱ्याच्या डायलिसिसच्या दिवशी बाहेर बसून लिहिलेल्या वह्या आहेत, अक्षर कुठे कुठे पार वाकडं झालंय. दवाखाना सोडून जप करू नका, डॉक्टरांची वेळ चुकवू नका. आणि "हा संदेश अकरा जणांना पाठवा, तासाभरात शुभवार्ता येईल" असले निरोप कृपा करून या ग्रुपवर टाकू नका. ते नाम नाही, लॉटरी आहे.

ग्रुपवरच्या आकड्यांबद्दलही ठरवलंय. यापुढे रोजची जाहीर बेरीज बंद. ज्याने त्याने आपल्या वहीत ठेवावी, महिनाअखेरीस एकत्र कळवावी. पन्नास माळांचा आकडा वाचून एक माळ करणारी लाजते आणि कळवायचं सोडते, मग करायचंही सोडते. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

येत्या गुरुवारी सूर्योदयापासून शुक्रवारच्या सूर्योदयापर्यंत साखळी जप आहे. या वेळी कुणा एकासाठी संकल्प नाही. ज्यांना तास घ्यायचा असेल त्यांनी नाव आणि वेळ मंगळवारपर्यंत कळवावी. बाहेरगावच्यांनी आपापल्या घरी बसून करायला हरकत नाही. दुपारचे तास रिकामे आहेत, घरकाम उरकून बसता येईल. पहाटे तीन ते चार ही वेळ मात्र कुणी मागू नये. ती काकूंनी घेतली आहे.

॥ श्रीराम समर्थ ॥