खाण कुठली?

‘हे वाद्य आपले नाही’ हे वाक्य पेटीने इतके सोसले आहे की मुलांच्या हातातल्या उकुलेलेबद्दल तेच पुन्हा ऐकताना त्रास होतो. 1940 मध्ये रेडिओने पेटीवर बंदी घातली, तोवर गोविंदराव टेंब्यांनी तिला मराठी रंगभूमीवर कसे गायला लावले होते, हे वाचकांना सांगायला नको. मूळ वेगळे आणि मुरणे वेगळे. रायपूरच्या सदर बाजारात सराफ सोन्याचा कस बघतो, खाण कुठली हे विचारत नाही. उकुलेलेचेही तसेच. 1879 मध्ये मदेइरा बेटावरचे पोर्तुगीज मजूर उसाच्या मळ्यांसाठी होनोलुलूला उतरले, त्यांच्याबरोबर एक छोटे तंतुवाद्य आले. राजा कालाकाउआने त्याला दरबारी मान दिला आणि ते हवाईचे झाले. त्यावर हवाईचा गायक इस्राएल कामाकाविवोओलेने हॉलिवूडच्या एका जुन्या चित्रपटातले इंद्रधनुष्याचे गाणे गायले. वाद्य बाहेरचे, चाल बाहेरची. तरीही 1997 मध्ये, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी तो गेला, तेव्हा त्याचा देह राज्याच्या विधानभवनात अंत्यदर्शनासाठी ठेवला गेला. शुद्धतेच्या कैवाऱ्यांना याहून मोठा पुरावा कोणता द्यायचा?

पण त्यांच्या हट्टात एक गोष्ट खरी आहे, आणि ती माझ्या युक्तिवादाला भारी पडते. मुळाची चौकशी सोडली की कोणाचे काय गेले, हेही विसरले जाते. 1893 मध्ये अमेरिकी सैनिक किनाऱ्यावर उतरवून हवाईच्या राणीला पदच्युत केले गेले. 1896 मध्ये शाळांतून हवाईयन माध्यम हद्दपार झाले. 1898 मध्ये बेटे अमेरिकेत विलीन केली गेली. इस्राएलचा 1993 चा अल्बम ‘फेसिंग फ्युचर’ सुरू होतो तो याच गमावलेल्या भूमीच्या शोकाने. जगाने मात्र त्यातले इंद्रधनुष्य उचलून जाहिरातींत, चित्रपटांत नेले. शोक बेटांवरच राहिला. म्हणजे माझी कसोटी गिऱ्हाइकाची होती. बैलाडिल्याचे लोखंड आणि कोरब्याचा कोळसा ज्या छत्तीसगडातून देशभर जातो, तिथे बसून ‘खाण कुठली’ हा प्रश्न फिजूल म्हणणे मला आता जमत नाही. वाद्य कोणीही वाजवावे, यावर मी ठाम आहे. पण वाजवणाऱ्याने तो शोकही शिकायला हवा. इस्राएलची रक्षा माकुआच्या समुद्रात सोडली गेली. किनाऱ्यामागच्या माकुआच्या दरीत अमेरिकी सैन्याने कित्येक दशके गोळीबाराचा सराव केला आहे.