सूर जुळले, मने जुळली नाहीत

शास्त्रपाठ : १ करिंथ. १२:१२-२७, १३:१-३



आयर्लंडमधील डब्लिन शहराच्या कामकरी वस्तीची कथा सांगणारा ‘द कमिटमेंट्स’ हा इंग्रजी चित्रपट १९९१ साली निघाला. रॉडी डॉईल यांच्या १९८७ च्या कादंबरीवरून अ‍ॅलन पार्कर यांनी तो काढला. त्यातील भाषा फार शिवराळ आहे. शब्बाथशाळेच्या मुलांना तो दाखवा, असे मी म्हणणार नाही. पण त्याची गोष्ट आपणा मोठ्यांना विचार करायला लावील अशी आहे.

जिमी रॅबिट हा बेकार तरुण एक वाद्यवृंद उभा करतो. बसचा कंडक्टर, गाडीवर तळलेले मासे-बटाटे विकणारी मुलगी, चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारा वैद्यकीय विद्यार्थी, असे दहा जण जमतात. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांचे ‘सोल’ संगीत निवडतात. सोल म्हणजे आत्मा. या संगीताचे मूळ उपासनामंदिरातच आहे. सुप्रसिद्ध गायिका अरिथा फ्रँकलिन ही डेट्रॉइट येथील एका पाळकाची कन्या. लहानपणी ती वडिलांच्याच मंडळीत गात असे.

सरावाने या मुलांचे सूर जुळतात, लोकांची गर्दी होऊ लागते. आणि येथेच घात होतो. मुख्य गायक डेको याचा आवाज अप्रतिम. पण हा वृंद माझ्यामुळेच चालतो, असे त्याला वाटू लागते. त्याच्याशी पटेना म्हणून ड्रम वाजवणारा सोडून जातो. वयस्क ट्रंपेटवादक जोई याच्यामुळे मुलींमध्ये मत्सर शिरतो. व्यासपीठावर एक सूर, आणि पडद्यामागे शिवीगाळ व मारामारी!

शेवटच्या रात्री नामांकित गायक विल्सन पिकेट आपल्याबरोबर गायला येणार, असे जोईने सांगितलेले असते. वाट पाहून सारे चिडतात, जोईला लबाड ठरवतात आणि त्याच रात्री वृंद मोडतो. जिमी खिन्न मनाने घराकडे निघतो, तोच एक मोठी मोटार थांबते आणि चालक त्याच क्लबचा रस्ता विचारतो. पाहुणा आला होता! पण त्याच्याबरोबर गायला कोणी उरले नव्हते.

प्रियहो, पौलाने करिंथच्या मंडळीला हेच बजावले. तेथे कृपादानांची उणीव नव्हती, प्रीतीची होती. डोळ्याने हाताला नाकारले तर शरीर राहील कोठे? प्रीती नसेल तर देवदूतांची वाणीदेखील पोकळ झांजेसारखी होते, असे तो सांगतो.

आता आपण स्वतःकडे पाहू या. नाताळच्या कार्यक्रमात एकट्याने कोणी गायचे, पेटी कोणी वाजवायची, यावरून आपल्यात अबोला धरला जात नाही काय? गळा देवाने दिला. तो मंडळीसाठी दिला. ज्याने तो आपल्या मालकीचा मानला, त्याने स्वतःचे गाणे तर गमावलेच, दुसऱ्यांचेही बंद पाडले.

चित्रपटातला पाहुणा उशिरा आला. आपला प्रभू कोणत्या घटकेला येईल हे आपणांस ठाऊक नाही. पण त्याचे वचन खोटे ठरणार नाही. तो येईल तेव्हा आपण एकत्र सापडू काय? ज्या भावाशी वा बहिणीशी आपण बोलत नाही, त्यांच्या घरी येत्या रविवारच्या उपासनेपूर्वीच जाऊन येऊ या.

हे प्रभो, आमच्या गळ्याआधी आमची मने एका सुरात लाव. आमेन.