देशावाचून काळ

धर्मकृत्याच्या आरंभी यजमान हातावर पाणी घेऊन संकल्प करतो, तेव्हा संवत्सर, मास, पक्ष आणि तिथी यांच्या आधी तो देशाचा उच्चार करतो. आपण कोणत्या भूमीवर, कोणत्या नदीच्या काठी बसलो आहोत हे सांगितल्यावाचून आजच्या दिवसाचे नाव घेण्याचा अधिकार त्याला प्राप्त होत नाही. गोदातीर म्हणण्याची सवय असलेल्या महाराष्ट्रीयाने कोलकात्यास बिऱ्हाड केले, तर तेथे त्याने भागीरथीचे स्मरण करावे हेच उचित. हा देशकालोच्चार पुष्कळांना निव्वळ उपचार वाटतो. संगणकाच्या आज्ञावलीतील तारखांचे घोटाळे निस्तरताना मला त्यातील विवेक उमगला.

घोटाळा बहुधा असा असतो. कोलकात्यातील एखाद्या कचेरीत कोणी आपली जन्मतारीख १ जानेवारी अशी नोंदवतो. आज्ञावली त्या तारखेला मध्यरात्रीची वेळ जोडते, तो क्षण साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत ३१ डिसेंबरच्या सायंकाळी साडेसहाचा म्हणून साठवते, आणि पुढे कोणी वेळ गाळून केवळ तारीख वाचली की दिवसच नव्हे, सालही बदलते. गणित कोठेही चुकलेले नसते, आणि तरीही दाखला खोटा ठरतो.

वैशेषिकांनी काल हे एक, नित्य आणि विभु द्रव्य मानले, आणि क्षण, दिवस, मास हे त्याचे भेद उपाधींमुळे होतात असे सांगितले. आपले पंचांग याच विचाराला धरून चालते. चंद्र सूर्यापासून आणखी बारा अंश पुढे गेला की तिथी संपते, ती साऱ्या पृथ्वीवर एकाच क्षणी. परंतु त्या दिवसाची तिथी कोणती म्हणावयाची हे सामान्यतः त्या स्थळाचा सूर्योदय ठरवतो, आणि म्हणून कोलकात्याची एकादशी व पुण्याची एकादशी क्वचित भिन्न वारी आली तरी दोन्ही पंचांगे खरीच असतात.

१ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ अमलात आली, तरी तिच्यापुढे सुमारे २४ मिनिटे चालणारी आपली वेळ कोलकात्याने १९४८ पर्यंत सोडली नाही. मुंबईने ३९ मिनिटे मागची आपली वेळ १९५५ पर्यंत जपली. त्या काळी कोलकात्याच्या घड्याळाने मध्यरात्रीनंतर दहा मिनिटांनी जन्मलेले मूल प्रमाणवेळेने आदल्या दिवसाचे ठरे. आज संगणकांच्या कोष्टकात अखिल भारताची वेळ ‘एशिया/कोलकाता’ याच नावाने ओळखली जाते, पण १९०६ नंतरची ती स्वतंत्र कोलकाता-वेळ त्या कोष्टकात नाही; नाव राहिले, साक्ष गेली.

ऐक्य अनिष्ट आहे असे मला म्हणावयाचे नाही. १९५२ साली मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली जी पंचांग-सुधारणा समिती नेमली गेली, आणि जीत के. ल. दप्तरी व ज. स. करंदीकर हे महाराष्ट्रीय सभासद होते, तिनेही सर्व देशाकरिता एक पंचांग रचताना ८२ अंश ३० कला रेखांश आणि उज्जयिनीचा अक्षांश धरून एक स्थान प्रथम निश्चित केले. ऐक्य साधले ते देश पुसून नव्हे, देश उघड सांगून.

म्हणून आज्ञावली लिहिणाऱ्याने घडलेला क्षण एका प्रमाणात साठवावा आणि त्याच्याशेजारी स्थळ लिहावे. जन्मतारीख किंवा व्रताचा दिवस हा मात्र क्षण नव्हे. ते माणसाने आपल्या भूमीवर उभे राहून दिवसाला दिलेले नाव आहे, आणि ते जसे दिले तसेच दप्तरात राहिले पाहिजे.