लांडग्याचा कुत्रा झाला, कशावरून?

कुत्रा लांडग्यापासून झाला हे मुलांना सांगायला एक वाक्य पुरतं. पटवायला पुरावा लागतो. आपण बहुधा वाक्यावरच भागवतो. फार तर गोष्ट जोडतो : आदिमानवाने लांडग्याचं पिल्लू आणलं, जीव लावला, त्याचा कुत्रा झाला. गोष्ट गोड आहे, पण खोटी आहे. लळा लावलेलं लांडग्याचं पिल्लू मोठेपणी लांडगाच राहतं. बदल एका जनावरात घडत नाही, पिढ्यांमधून घडतो.

बीड जिल्ह्यातल्या मुलांना हे समजणं अवघड नाही. आष्टी-पाटोद्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या घरात कोणता मेंढा पैदाशीला ठेवायचा आणि कोणता बाजारात न्यायचा, हे पोरांसमोरच ठरतं. तोच धागा धरून त्यांना १९५९ साली सायबेरियात सुरू झालेला प्रयोग सांगावा. शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी खोकडांच्या प्रत्येक पिढीतली माणसाला कमी बुजणारी तेवढीच पैदाशीसाठी ठेवली. काही पिढ्यांतच त्यांची पिल्लं माणूस दिसला की शेपूट हलवू लागली.

पण लांडग्यांची निवड करायला कोण बसलं होतं? वर्गातलं एखादं चुणचुणीत पोर म्हणेल, गावच्या उकिरड्यावर जे लांडगे धीट होऊन आले, तेच माणसाळले. तर्क चांगला आहे. काही शास्त्रज्ञांनीही तो मांडला आहे. मात्र जर्मनीत बॉनजवळ ओबरकासेल इथे १९१४ साली सापडलेल्या दफनात दोन माणसांसोबत कुत्रा आहे, आणि ते सुमारे १४ हजार वर्षांपूर्वीचं आहे. तेव्हा शेती नव्हती, गाव नव्हतं, मग उकिरडा कुठला? शिकाऱ्यांचं उरलंसुरलं मांस कारणी लागलं असेल, किंवा पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं पाळली गेली असतील. यावर एकमत नाही, आणि शिक्षकाने ते मुलांना मोकळेपणाने सांगावं.

शेती आली ती पुढे, आणि तिने कुत्र्याचं पोटही बदललं. पिठूळ अन्न पचवणाऱ्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा कितीतरी जास्त असतात, हे २०१३ च्या संशोधनात दिसलं. ऊसतोडीच्या कोपीपुढे भाकरीच्या तुकड्याकडे टक लावून बसलेलं कुत्रं पोरांनी पाहिलेलं असतं. शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली सापडलेल्या प्राचीन कांस्यरथाच्या दांडीवरही कुत्रा उभा आहे. तो रथ घडला तोवर कुत्रा घरचा झाला होता.

एवढं झाल्यावर मुलांच्या मनातली एक अढी काढावी : लांडगा म्हणजे सुधारायचा राहून गेलेला कुत्रा नव्हे. ज्या लांडग्यांपासून कुत्रे झाले ती शाखा आज उरलेली नाही. आपल्या माळरानावरचा लांडगा कुत्र्याचा आजोबा नाही, चुलतभाऊ आहे. त्याला कायद्याचं सर्वोच्च संरक्षण आहे. तरीही माळरानं घटताहेत, आणि पुणे जिल्ह्यात कुत्र्याशी त्याचा संकर झाल्याचं जनुकीय तपासणीत आढळलं आहे. कुत्र्यांचे लांडग्यांवर असे परिणाम होतात, हेही याच धड्यात यायला हवं.

राज्य मंडळाच्या विज्ञानाच्या पुस्तकात उत्क्रांती सविस्तर येते ती दहावीत. दिवाळीच्या सुमारास आईबापांमागे उसाच्या फडावर जाणारी अनेक मुलं तिथवर पोचतच नाहीत. म्हणून हा धडा चौथी-पाचवीतच हवा, आणि परीक्षेतही ‘कुत्रा कोणापासून झाला?’ असा एका शब्दाच्या उत्तराचा प्रश्न नको. ‘कशावरून?’ असं विचारावं. उत्तर चुकलं तरी पुरावा शोधण्याची सवय लागेल, आणि शाळा मध्येच सुटली तरी ती सवय पोराजवळ राहील.