विभूतीचे चित्र आणि भक्तीची हद्द

२००८च्या अमेरिकी निवडणुकीत बराक ओबामांचा एक चेहरा भिंतीभिंतींवर झळकला. लाल, निळ्या आणि फिक्या पिवळट रंगांचे सपाट तुकडे, वर लागलेली नजर आणि खाली ‘होप’ हा एकच शब्द. शेपर्ड फेअरी या चित्रकाराने त्याच चेहऱ्याचे मिश्र माध्यमातले मोठे चित्रही केले: जाड कागदावर कोलाज, स्टेन्सिल आणि ॲक्रिलिक. जानेवारी २००९मध्ये ते वॉशिंग्टनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत दाखल झाले.

ती नजर मात्र भविष्याकडे लागलेली नव्हतीच. चित्राचा आधार होता असोसिएटेड प्रेससाठी मॅनी गार्सिया यांनी एप्रिल २००६मध्ये टिपलेला फोटो. वॉशिंग्टनच्या नॅशनल प्रेस क्लबमध्ये दारफूरच्या प्रश्नावर कार्यक्रम होता आणि ओबामा तिथे बसून ऐकत होते. फेअरीने प्रसंग पुसला, चेहरा ठेवला. ऐकणारा माणूस द्रष्टा झाला.

मूळ फोटोवरून पुढे कोर्टबाजी झाली. कोणता फोटो वापरला, याबद्दल फेअरी खोटे बोलला होता. वृत्तसंस्थेशी २०११मध्ये तडजोड झाली, पण पुरावे नष्ट केल्याच्या प्रकरणात २०१२मध्ये त्याला प्रोबेशन आणि २५,००० डॉलरचा दंड झाला.

प्रसंग पुसून उरलेल्या चेहऱ्याला हात जोडावेत का, हा वाद धर्माला जुना आहे. ख्रिस्ती जगात प्रतिमा फोडाव्यात की जपाव्यात यावर रणे माजली. शेवटी ७८७मध्ये निकाइयाच्या दुसऱ्या परिषदेने निवाडा दिला: प्रतिमेला दिलेला मान मूळ व्यक्तीला पोचतो, पूजा मात्र फक्त ईश्वराची. सगुणाची वाट चालणाऱ्या मराठी भाविकाला हा युक्तिवाद परका वाटणार नाही. पण संत देह ठेवून गेलेले असतात. राजकारणी उद्या कायदा करतो, फौज पाठवतो, पुन्हा मते मागायला येतो. त्याच्या चित्राला दिलेला मान पोचतो तो थेट सत्तेला.

ही गोम डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमकी ओळखली होती. जानेवारी १९४३मध्ये पुण्यात, न्यायमूर्ती रानडे यांच्या १०१व्या जयंतीच्या भाषणात, त्यांनी विभूतिपूजेचे दोन प्रकार वेगळे केले. थोर माणसाचे मनापासून कौतुक करण्यात त्यांना गैर दिसत नव्हते. त्याच्यापुढे आपली बुद्धी गहाण टाकणे त्यांना घातक वाटत होते. २५ नोव्हेंबर १९४९ला संविधान सभेत त्यांनी आणखी स्पष्ट बजावले, की धर्मात भक्ती मोक्षाकडे नेत असेल, राजकारणात ती अधःपाताकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. आज बाबासाहेबांच्याच तसबिरीला घरोघर हार घातला जातो. त्यात कृतज्ञता आहे, म्हणून तो खटकत नाही. हार घालून पुस्तक मिटलेलेच राहिले, तर खटकायला हवे.

इथे मिश्र माध्यम कामाला येते. तैलरंगात माणूस एकसंध, गुळगुळीत होऊन जातो; कोलाजमध्ये जोड दिसतात आणि चेहरा कशाकशातून घडला ते उघडे राहते. फेअरीच्या चित्रातही रंगाखालून छापील कागद डोकावतात, पण ते नक्षीपुरतेच. ओबामा त्या पोस्टरच्या अपेक्षांना उतरले का, असे २०१५मध्ये एका मुलाखतीत विचारले, तेव्हा त्याने ठाम नकार दिला. दोष एकट्या ओबामांचा नव्हता. तसा माणूस त्या फोटोतही नव्हता.

यंदा १४ एप्रिलला कुणी बाबासाहेबांचे कोलाज करणार असेल, तर त्याने चेहऱ्याखाली रानडे जयंतीच्या त्या भाषणाची पाने चिकटवावीत, आणि वरचा रंग वाचता येईल इतका पातळ ठेवावा.