‘सगळ्यांना माहीतच आहे’

पुन्हा तेच लाल वर्तुळ आणि पुन्हा तेच प्रश्नचिन्ह. पाकिस्ताननं हेर म्हणून फाशीची शिक्षा सुनावलेल्या कुलभूषण जाधव यांचा जुना फोटो पडद्यावर फिरवत ‘हा माणूस नेमका कुणाचा?’ असं ओरडून विचारणारा निवेदक या आठवड्यात आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. मी शेवटपर्यंत पाहिला आणि मनापासून संतापलो. चर्चेतले एक निवृत्त अधिकारी म्हणाले, माणूस अजून पाकिस्तानच्या तुरुंगात आहे, जरा जपून बोलू या. त्यावर निवेदकानं हात झटकले. “साहेब, यात लपवायचं काय? सगळ्यांना माहीतच आहे.”

लोकांचा जाणून घेण्याचा हक्क, स्पर्धा, आम्ही नाही तर दुसरा दाखवेल, या बाकीच्या सबबी आता इतक्या झिजल्यात की त्यांच्यावर शाई घालवायची इच्छा नाही. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ ही मात्र शहाणपणाचा आव आणून येते आणि चांगल्या चांगल्या संपादकांच्या तोंडी असते. म्हणून तिचाच समाचार घ्यायला हवा.

आमच्या भागातल्या माणसाला तिचा पोकळपणा सहज कळावा. 1942 नंतर क्रांतिसिंह नाना पाटील चार वर्षं भूमिगत होते. तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात, वाळवा-तासगावकडच्या गावांत प्रतिसरकार चाललं होतं. तिथं तंटे मिटत होते, लग्नं लागत होती. इंग्रज सरकारनं नानांना पकडून देणाऱ्याला बक्षीस लावलं होतं. आज मुक्काम कुठल्या मळ्यात, भाकरी कुठल्या घरून जायची, निरोप कोण नेणार, हे त्या त्या वस्तीला ठाऊक असणारच. त्याशिवाय चार वर्षं कुणी लपून राहू शकत नाही. तरीही नाना इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. सगळ्यांना माहीत आहे, हे त्या गावांत गप्प राहण्याचं कारण होतं, बोलण्याचं नव्हतं. चौथी शिकलेल्या शेतकऱ्याला जो फरक कळला, तो पत्रकारितेची पदवी घेतलेल्या माणसाला कळू नये, हे लाजिरवाणं आहे.

आणि पाकिस्तानला आधीच सगळं माहीत होतं ना? मग फेब्रुवारी 2019 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात त्यांचे वकील खावर कुरेशी यांना भारतीय पत्रकारांचे लेख पुढं करायची गरज का पडली? माणूस त्यांच्या ताब्यात होता. कबुलीची चित्रफीत होती. हुसेन मुबारक पटेल या नावाचं पारपत्र होतं. नव्हतं ते एवढंच, की भारतातल्या कुणीतरी आपणहून ‘होय, तो आमचाच’ म्हणावं. लष्करी कोठडीत वदवून घेतलेल्या कबुलीवर जग विश्वास ठेवत नाही. भारतीय पत्रकाराच्या लेखाचं वजन वेगळं पडतं, कारण तो लिहायला त्याच्यावर कुणी बंदूक रोखलेली नसते. म्हणून ती कात्रणं तिथं गेली. एखादी गोष्ट माहीत असणं आणि तिला बाहेरून दुजोरा मिळणं, यात माणसाच्या जिवाएवढं अंतर असू शकतं. ‘माहीतच होतं’ म्हणणारा पत्रकार नेमका हाच दुजोरा फुकट देतो, आणि वर म्हणतो मी नवीन काही सांगितलंच नाही.

तारखा आठवा. 25 डिसेंबर 2017 रोजी जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या. मध्ये काच होती. भेटीआधी दोघींची मंगळसूत्रं, बांगड्या, टिकल्या उतरवायला लावल्या. आई लेकाशी मराठीत बोलू लागली तर तिला थांबवलं. आपल्या घराघरांत त्या बातमीनं डोळ्यांत पाणी आलं होतं. दोन आठवडेही झाले नाहीत तोच, 5 जानेवारी 2018 ला, ‘द क्विंट’नं सूत्रांचा हवाला देऊन जाधव हे ‘रॉ’चे माणूस असल्याची बातमी दिली. काही तासांत ती मागे घेतली. मागे घेतली म्हणजे आपल्या संकेतस्थळावरून काढली, एवढंच. पाकिस्तानी वाहिन्यांनी ती आधीच उचलली होती. त्यानंतर काही आठवड्यांतच ‘फ्रंटलाइन’नं भारताच्या छुप्या कारवायांवर मोठा लेख छापला आणि त्यातही जाधव होतेच.

भारत सरकारची भूमिका पहिल्यापासून एकच आहे. जाधव हे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी, इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांना पळवून नेलं. यापेक्षा वेगळं सांगायला माझ्याकडे काही नाही, आणि त्या निवेदकाकडेही नव्हतं. त्याच्याकडे फक्त प्रश्नचिन्ह होतं. मला या प्रश्नचिन्हाचा मनस्वी तिटकारा आहे. आरोप करायचा आणि जबाबदारी टाळायची, यासाठीच ते मथळ्याच्या शेवटी बसवलेलं असतं.

समजा बातमी खोटी आहे. मग आपण परमुलुखातल्या तुरुंगात अडकलेल्या निरपराध नागरिकावर, त्याला उत्तर देता येत नाही अशा वेळी, फाशीच्या लायकीचा आरोप केला. हे किती महाग पडतं, ते नंबी नारायणन यांना विचारावं. 1994 मध्ये केरळच्या वर्तमानपत्रांनी पोलिसांच्या कानगोष्टींवर भरवसा ठेवून इस्रोच्या या शास्त्रज्ञाला हेर ठरवलं. सीबीआयनं 1996 मध्येच प्रकरणात तथ्य नसल्याचं सांगितलं. सर्वोच्च न्यायालयानं 50 लाखांची भरपाई द्यायला सांगितली ती 2018 मध्ये. चोवीस वर्षं! आणि समजा बातमी खरी आहे. मग तर बोलायलाच नको. खोटी असो की खरी, किंमत मोजतो तो काचेपलीकडचा माणूस. लेख लिहिणाऱ्याच्या घरी संध्याकाळी चहा वेळेवर होतो.

ही सबब काही आपल्याच मातीतली नाही. सीआयएचे अथेन्समधले प्रमुख रिचर्ड वेल्श यांचं नाव आधी अमेरिकेतल्या ‘काउंटरस्पाय’ या नियतकालिकानं आणि मग नोव्हेंबर 1975 मध्ये अथेन्सच्या एका वर्तमानपत्रानं छापलं. 23 डिसेंबरच्या रात्री घराच्या दारात त्यांना गोळ्या घातल्या. तेव्हाही हेच सांगितलं गेलं, की ते घर सीआयएचं म्हणून सगळ्या गावाला ठाऊक होतं. मारेकऱ्यांना वर्तमानपत्राची खरंच गरज होती का, यावर अजून वाद होतात. कदाचित नसेलही. पण नाव-पत्ता छापताना छापणाऱ्याला हे कुठं माहीत होतं? परिणाम काय होणार याची खात्री नसताना त्यानं ते छापलं, आणि माझ्या लेखी दोष तिथंच पक्का होतो.

सीआयएच्या छुप्या अधिकारी व्हॅलरी प्लेम यांचं नाव जुलै 2003 मध्ये रॉबर्ट नोव्हाक यांच्या स्तंभात आलं. नाव पुरवणारे सरकारातलेच होते, आणि प्लेम यांच्या पतीनं त्याआधी इराक युद्धाच्या समर्थनातल्या दाव्यांना जाहीर आव्हान दिलं होतं. इथं आणखी एक गोष्ट दिसली. प्लेम ज्या कंपनीच्या नावाखाली वावरत होत्या ती ब्रूस्टर-जेनिंग्जही उघडी पडली, आणि त्या कंपनीशी कधीकाळी ओळख ठेवलेला परदेशातला प्रत्येक माणूस संशयाच्या घेऱ्यात आला. कुणी नुसता पत्रव्यवहार केला असेल, कुणी जेवायला गेला असेल. वॉशिंग्टनमधल्या चार पत्रकारांना नाव माहीत असेलही, या माणसांचा विचार त्यांनी केला होता का? टोपणनाव एकाचं असतं, पण त्याच्या आडोशाला अनेकजण उभे असतात.

आपण तर 26/11 पाहिलंय. नरिमन हाउसच्या गच्चीवर हेलिकॉप्टरमधून उतरणारे कमांडो थेट प्रक्षेपणात दिसले आणि तिकडे कराचीत बसलेले सूत्रधार तेच बघून फोनवर सूचना देत होते. ऑगस्ट 2012 मध्ये कसाबच्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं वाहिन्यांना खडे बोल सुनावले. अशा कारवायांच्या थेट प्रक्षेपणावर बंदीचा नियम यायला 2015 उजाडलं. पहलगामनंतर, एप्रिल 2025 मध्ये, सरकारला त्या नियमाची पुन्हा आठवण करून द्यावी लागली. उलट आमच्या शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीत, गडहिंग्लज-चंदगडकडच्या गावांत, मुलगा कुठं असतो असं विचारलं तर ‘बॉर्डरला’ एवढंच उत्तर मिळतं. त्या आयांना कुणी परिपत्रक पाठवलेलं नाही.

याचा अर्थ गुप्तचर खात्यांना कुणी हात लावू नये, असा मुळीच नाही. त्यांनी कुणाचे फोन ऐकले, पैसा कुठं मुरला, कुणाला खोट्या प्रकरणात अडकवलं, हे पत्रकारानं शोधलंच पाहिजे आणि छापलंच पाहिजे. 1923 चा गोपनीयतेचा कायदा इंग्रजांनी केला तो आपली तोंडं बंद करायला. त्याला आणखी धार लावा, असं म्हणणाऱ्यांत मी नाही. उद्या एखादा अधिकारी आपला गुन्हा लपवायला टोपणनावाचा आडोसा घेईल, तेव्हा त्याचं नावही छापावं लागेल. रेषा दर वेळी सरळ आखता येणार नाही, हे मला मान्य आहे. पण ज्याच्या गळ्यात फास अडकलाय त्याची ओळख, निनावी सूत्रांच्या भरवशावर, अर्ध्या तासाच्या कार्यक्रमासाठी? इथं रेषा शोधायला कुठं जावं लागत नाही.

हेगच्या न्यायालयानं 17 जुलै 2019 रोजी पंधरा विरुद्ध एक मतांनी सांगितलं, की पाकिस्ताननं जाधवांना वकिलातीशी संपर्क नाकारून व्हिएन्ना कराराचा भंग केला. शिक्षेचा फेरविचार व्हावा आणि तोवर फाशी देऊ नये. जाधव हेर आहेत की नाहीत, हा निवाडा न्यायालयानं केला नाही. सोळा न्यायमूर्तींनी जे ठरवलं नाही, ते आपले निवेदक जाहिरातींच्या मधल्या वेळेत ठरवतात. जाधव सांगलीत जन्मलेले. कोल्हापुरातून सांगली तासाभरावर. 2016 पासून ते पाकिस्तानच्या तुरुंगात आहेत, आणि त्यांच्याविषयी इथं बोलला जाणारा प्रत्येक शब्द तिकडे ऐकला जातो, जपला जातो, गरज पडली की काढला जातो.

संपादकांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी असा मजकूर टेबलावर आला तर ज्याचं नाव छापतोय तो माणूस आज रात्री कुठं झोपणार आहे, एवढं आधी विचारा. उत्तर शत्रूच्या कोठडीत असं येत असेल तर मजकूर परत पाठवा. आणि वाचकहो, त्या कार्यक्रमाची चित्रफीत तुमच्या फोनवरही आली असेल. ती पुढं पाठवू नका. कुणी पाठवली तर त्याला सांगा, की हे चुकीचं आहे.