इंजिनाला विचारलंस का?

फोटो पाहिला. १९६५ ची मस्टँग, २०० घनइंचाचं सहा सिलिंडरांचं इंजिन आणि त्यावर ५०० सीएफएमचा टू-बॅरल कार्ब्युरेटर! वर मलाच विचारतोस, "सर, सिग्नलवरून निघताना गाडी झटके का मारते? काळा धूर का येतो?" दुसरं काय होणार? वर्गात पहिल्या बाकावर बसून वह्या भरणारा मुलगा तू. त्या वह्या काय शोभेला ठेवल्यास?

घे कागद. २०० घनइंच गुणिले ४४०० फेरे, भागिले ३४५६. हे ३४५६ कुठून आले तेही लिही: एका घनफुटात १७२८ घनइंच, आणि फोर-स्ट्रोक इंजिन आपल्या मापाची हवा दोन फेऱ्यांत एकदा ओढतं, म्हणून दुप्पट. उत्तर येतं २५५. सिलिंडर काठोकाठ कधीच भरत नाही. पाऊण भरला असं धर. मिनिटाला १९० घनफूट, म्हणजेच १९० सीएफएम झाले. फोर्डने या इंजिनाची १२० अश्वशक्ती ४४०० फेऱ्यांनाच सांगितली आहे, त्यापुढे पळवून तुझ्या हाती काही लागत नाही. गरज १९० ची आणि आणलास ५०० चा! दोन मिनिटांचं गणित, तेही करवलं नाही तुला?

व्हेंचुरी अरुंद असते ती हवेचा वेग वाढावा म्हणून. वेग वाढला की दाब पडतो, आणि त्या पडलेल्या दाबामुळेच मेन नोझलमधून पेट्रोल येतं. तू भोक मोठं केलंस, हवा तेवढीच राहिली, वेग मेला. थ्रॉटल एकदम दाबलास की हवा आत शिरते आणि पेट्रोल मागे राहतं. येतं तेही थेंबाथेंबांनी. त्यात या इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला, ओंडक्यासारखा लांबट. थेंब त्याच्या तळाशी साचतात. मधल्या सिलिंडरांना एक मिश्रण, टोकाच्यांना भलतंच. झटका जावा म्हणून तू अ‍ॅक्सिलरेटर पंपाचा नोझल वाढवलास, जेट वाढवलेस. त्याचा हा काळा धूर. एक चूक झाकायला दुसरी केलीस. आणि अडॅप्टर लावून टू-बॅरल बसवलास तरी खाली हेडला भोक एकच आहे, हे डोळ्यांना दिसलं नाही?

सगळ्यात मोठा गुन्हा डिस्ट्रिब्यूटरचा. तुझ्या गाडीत लोड-ओ-मॅटिक आहे. त्यात फेऱ्यांबरोबर टायमिंग पुढे नेणारी वजनंच नाहीत. सगळा अ‍ॅडव्हान्स कार्ब्युरेटरच्या व्हॅक्यूमवर. त्यासाठी मूळच्या ऑटोलाइट ११०० मध्ये व्हेंचुरी आणि थ्रॉटल अशा दोन्हीकडचा इशारा जोडून दिला आहे, स्पार्क कंट्रोल व्हॉल्व्हसकट. तो कार्ब्युरेटर काढलास आणि नळी नव्याच्या व्हॅक्यूम पोर्टला खोचलीस. आता पूर्ण थ्रॉटलला व्हॅक्यूम पडतो आणि नेमकं जोर हवा तेव्हा टायमिंग मागे येतं. ताकद वाढवायला निघालास आणि होती ती घालवलीस.

मोठा कार्ब्युरेटर कधीच लावू नये असं मी शिकवलेलं नाही. क्रायस्लरने १९७७ साली २२५ च्या स्लँट सिक्सवर टू-बॅरल दिला तेव्हा त्याच्याबरोबर मॅनिफोल्डही टू-बॅरलचाच दिला. एवढं करून १०० चे ११० झाले. कारखान्याला सगळं जुळवून दहा अश्वशक्ती मिळाली. तुला नुसत्या चार बोल्टांत काय मिळणार होतं?

आता मुकाट्याने जुना ११०० परत बसव. किट बदल, फ्लोटची पातळी लाव, प्लग साफ कर, टायमिंग लाव. मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज जोड आणि मोकळ्या रस्त्यावर थ्रॉटल पूर्ण उघडून ४४०० पर्यंत ने. गेज सोबतच्या माणसाला वाचू दे, तुझी नजर रस्त्यावर. काटा शून्याजवळ राहिला तर कार्ब्युरेटर काहीच अडवत नाही, त्याला हात लावायचा नाही. तीन इंचांच्या वर राहिला तर तो लहान पडतोय. मग बेताचा टू-बॅरल बघ, पण आधी वजनं आणि व्हॅक्यूम दोन्ही असलेला डिस्ट्रिब्यूटर.

तुझा हात चांगला आहे, म्हणूनच एवढा संताप येतो. साठ वर्षांचं धडधाकट इंजिन तुझ्या हाती आलंय. कॅटलॉग बघून त्याच्यावर प्रयोग करायचा तुला अधिकार नाही. पुढच्या पत्रात सहाही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन, व्हॅक्यूमचा आकडा आणि टायमिंगच्या डिग्री लिहून पाठव. आकडे नसतील तर पत्र पाठवू नकोस.